एकच वेब ॲप्लिकेशन, अनेक डेटाबेस : सीमाभागातील पतसंस्थांच्या कामातून घडलेली पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात पतसंस्थांसाठी आणि सहकारी सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला दुसरा किंवा तिसरा ग्राहक मिळताच एक अडचण समोर येते. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट या दोन्हींचा भरवसा नसतो. तिथल्या छोट्या सोसायटीला एकाच संगणकावर चालणारी, वेगळा सर्व्हर न लागणारी व्यवस्था हवी असते आणि तिच्यासाठी एसक्यूलाइट पुरेसा असतो. शहरातील मध्यम संस्थेकडे भाड्याच्या होस्टिंगवर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी आधीपासून असतो. मोठ्या संस्थेने एसक्यूएल सर्व्हरचा किंवा ओरॅकलचा परवाना घेतलेला असतो, आणि तो सोडून दुसरा डेटाबेस स्वीकारायला तिचा संगणक विभाग तयार नसतो. काम मात्र तिन्हीकडे सारखेच असते: सभासद, ठेवी, कर्जे, पिग्मी, रोजकीर्द, खतावणी आणि वर्षअखेरचे ऑडिट.

अशा वेळी प्रत्येक ग्राहकासाठी कोडची वेगळी प्रत काढणे सोपे वाटते. मीही सुरुवातीला तसे केले. व्याजाच्या हिशेबातील एक चूक तीन ठिकाणी दुरुस्त करायची होती. दोन ठिकाणी केली, तिसरे राहून गेले आणि ते ऑडिटच्या वेळी उघडकीस आले. तेव्हापासून मी एकच कोड ठेवतो. डेटाबेसांमधील फरक प्रोग्रामभर विखरू न देता एका जागी गोळा करावेत आणि ती जागा आपल्याच लोकांच्या नावांनी, आपल्याच लिप्यांतील मजकुराने रोज तपासावी, एवढाच माझ्या पद्धतीचा गाभा आहे. यातील दुसरा भाग परदेशी मार्गदर्शिकांमध्ये सहसा सापडत नाही, म्हणून या लेखात त्याला अधिक जागा दिली आहे.

आधी यादी आणि आवृत्त्या ठरवाव्यात

ज्या डेटाबेसवर आपण प्रत्येक बदलानंतर चाचण्या चालवू शकतो, तेवढेच डेटाबेस आपण सांभाळतो असे म्हणावे. बाकीच्यांविषयी ग्राहकाला शब्द देऊ नये. दोन-तीन जणांच्या गटाला तीन डेटाबेस झेपतात. चौथा घ्यायचा असेल तर त्याच्या चाचण्यांचा खर्च ग्राहकाच्या दरात धरावा.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांना एकच समजू नये. मारियाडीबी २००९ मध्ये मायएसक्यूएलपासून वेगळा झाला आणि दोघांमधील अंतर वाढतच गेले. नोंद घालतानाच तिचा क्रमांक परत देणारे 'रिटर्निंग' हे कलम मारियाडीबीत १०.५ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये नाही. मायएसक्यूएल ८.० चे मूळ कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारा नियमसंच) मारियाडीबीच्या अनेक आवृत्त्या ओळखतही नाहीत, त्यामुळे एकाचा बॅकअप दुसऱ्यात भरताना पहिल्याच टेबलावर काम थांबते.

प्रत्येक डेटाबेसची किमान आवृत्ती लिहून ठेवावी, कारण त्यामुळे पुढचे निम्मे वाद आपोआप मिटतात. 'ऑफसेट' आणि 'फेच' ही पाने पाडण्याची प्रमाण रीत एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून मिळते, ओरॅकलमध्ये १२सी पासून. ओरॅकलमध्ये टेबल आणि कॉलम यांच्या नावांना १२.२ च्या आधी फक्त ३० बाइटांची मर्यादा होती. विंडो फंक्शन (प्रत्येक ओळीसोबत चढती शिल्लक, क्रम असे काढणारी) मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आली. 'असेल तर बदला, नसेल तर घाला' ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आणि एसक्यूलाइटमध्ये ३.२४ पासून आहे. ग्राहकाची आवृत्ती याहून जुनी असेल तर त्याला आधी आवृत्ती बदलायला सांगावे. तिच्यासाठी कोडमध्ये आडवाटा काढल्या की त्या वर्षानुवर्षे सांभाळाव्या लागतात.

रोजचे काम सर्वांत काटेकोर डेटाबेसवर करावे, म्हणजे माझ्या मते पोस्टग्रेसवर. एसक्यूलाइट बरेच काही खपवून घेतो. त्यावर महिनाभर काम करून मग पोस्टग्रेसकडे वळल्यास महिनाभराच्या चुका एकाच दिवशी समोर येतात. उलट दिशेने गेल्यास त्या रोज थोड्याथोड्या कळतात.

फरकांची एकच जागा

पीएचपीचा पीडीओ, जावाचा जेडीबीसी किंवा जुना ओडीबीसी वापरला म्हणजे डेटाबेस बदलता येतो, असा एक गैरसमज आहे. हे दुवे जोडणीची आणि क्वेरी म्हणजे डेटाबेसला प्रश्न पाठवण्याची रीत समान करतात. त्या प्रश्नातील एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा, ते बदलत नाहीत. एका डेटाबेससाठी लिहिलेले वाक्य दुसऱ्याकडे जसेच्या तसे जाते आणि तिथे अडते. एसक्यूएलचे प्रमाणीकरण १९८६ मध्ये झाले, तरी प्रत्येक डेटाबेसने आपली बोली राखली आहे.

म्हणून वाक्य तयार करणारा थर हवा. पायथनमध्ये एसक्यूएलॲल्केमी किंवा जँगो, जावात हायबरनेट, पीएचपीत डॉक्ट्रिन किंवा लाराव्हेल हे काम करतात. यातील एसक्यूएलॲल्केमी आणि हायबरनेट या थराच्या त्या-त्या डेटाबेसच्या भागाला 'डायलेक्ट' म्हणजे बोलीच म्हणतात. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि बँकेत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या भागातील माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही: सांगायचे ते तेच, समोरच्याप्रमाणे बोली बदलते.

हा थर तयार मिळाला तरी त्याच्यावर आपला एक पातळ थर असावा. ठेव उघडणे, हप्ता जमा करणे, व्याज आकारणे या कामांच्या कोडमध्ये डेटाबेसचे नाव एकदाही येऊ नये. जिथे फरक टाळताच येत नाही तिथे 'हा पोस्टग्रेस आहे का' असे विचारू नये. 'याला नोंद घालताना क्रमांक परत देता येतो का' असे विचारावे. नावाऐवजी क्षमता विचारली की नवा डेटाबेस जोडताना फक्त त्याच्या क्षमतांची यादी लिहावी लागते, आणि जुन्या डेटाबेसची नवी आवृत्ती ती क्षमता मिळवते तेव्हा एकच ओळ बदलते. जँगोच्या आतली रचना याच तत्त्वावर उभी आहे. तिचा कोड वाचणे हे या विषयातील उत्तम शिक्षण आहे.

अहवालांच्या बाबतीत मी हट्ट सोडला आहे. थकबाकीचे वर्गीकरण किंवा मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी यांसारखे मोठे अहवाल हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्येच स्वच्छ दिसतात. त्यांच्यासाठी प्रत्येक अहवालाची एक सामाईक फाइल ठेवावी आणि ज्या डेटाबेसवर ती चालत नाही त्याच्यापुरती त्याच नावाची वेगळी फाइल ठेवावी. प्रोग्रामने आधी वेगळी फाइल शोधावी, न मिळाल्यास सामाईक घ्यावी. वेगळ्या फायलींची संख्या अधूनमधून मोजावी. ती वाढत असेल तर सामाईक फाइल अधिक साधी लिहिता येईल का ते पाहावे.

टेबलांची रचना

टेबल आणि कॉलम यांची नावे लहान इंग्रजी अक्षरांत, शब्दांमध्ये खालची रेघ देऊन आणि ३० अक्षरांच्या आत ठेवावीत. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले नाव पोस्टग्रेस लहान अक्षरांत नेतो, ओरॅकल मोठ्या अक्षरांत नेतो. मायएसक्यूएलमध्ये टेबलाच्या नावातील लहान-मोठ्या अक्षरांचा फरक लिनक्सवर धरला जातो आणि विंडोजवर धरला जात नाही. कार्यालयातील विंडोज संगणकावर चाललेला प्रोग्राम भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर 'टेबल सापडत नाही' म्हणतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. 'यूजर', 'ऑर्डर', 'ग्रुप', 'डेट' हे राखीव शब्द टाळावेत. इंडेक्सना आणि बंधनांना स्वतः नावे द्यावीत, नाहीतर प्रत्येक डेटाबेस आपल्या मनाचे नाव देतो आणि पुढे ते बंधन काढताना ते नाव शोधत बसावे लागते.

रचनेतील प्रत्येक बदल मायग्रेशनच्या (टेबलांतील बदल क्रमाने लिहून ठेवणाऱ्या) फाइलमधूनच करावा आणि एका फाइलमध्ये एकच बदल ठेवावा. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये टेबल बदलण्याची आज्ञा ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या आज्ञा होतील किंवा एकही होणार नाही अशा गटात) घालता येते आणि मध्येच काही बिघडले तर सगळे पूर्ववत होते. मायएसक्यूएल आणि ओरॅकल अशा आज्ञेबरोबर ट्रान्झॅक्शन तिथल्या तिथे पक्के करून टाकतात. पाच बदलांपैकी तिसऱ्यावर वीज गेली तर दोन झालेले आणि तीन न झालेले, अशा अवस्थेत ग्राहकाचा डेटाबेस अडकतो.

एसक्यूलाइटमध्ये परकीय कीची, म्हणजे एका टेबलातील नोंद दुसऱ्या टेबलातील नोंदीशी जोडणाऱ्या दुव्याची, तपासणी मुळात बंद असते. ती प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला चालू करावी लागते. एकदा चालू करून भागत नाही. हे काम जोडणी उघडणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये ठेवावे.

रिकाम्या मजकुराविषयी आधीच निर्णय घ्यावा. ओरॅकल रिकाम्या मजकुराला 'नल', म्हणजे मूल्यच नाही असे, मानतो, बाकीचे मानत नाहीत. सभासदाच्या अर्जात वडिलांचे नाव कोरे असेल आणि तो कॉलम सक्तीचा असेल तर इतर ठिकाणी नोंद होते आणि ओरॅकल ती नाकारतो. ऐच्छिक मजकुराच्या कॉलममध्ये नल चालू द्यावा, कोरा मजकूर साठवण्याआधी नल करावा आणि वाचताना पुन्हा कोरा मजकूर करावा, हाच सर्वत्र चालणारा मार्ग आहे. असाच एक छुपा फरक एकमेवतेच्या बंधनात आहे: एसक्यूएल सर्व्हर अशा कॉलममध्ये एकच नल येऊ देतो, तर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट कितीही येऊ देतात. पॅन क्रमांक नसलेला दुसरा सभासद आला की हा फरक दिसतो.

मराठी आणि कन्नड मजकूर

इथे जरा थांबणे आवश्यक आहे, कारण इंग्रजी नावांनी केलेल्या चाचण्या ज्या चुका दाखवत नाहीत त्या आपल्या नावांनी पहिल्याच दिवशी दिसतात.

पहिला प्रश्न लांबीचा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे आणि कन्नडचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. 'निपाणी' या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण साठवताना ती ६ चिन्हे आणि १८ बाइट होतात. 'ज्ञानेश्वर' हे नाव १० चिन्हांचे आणि ३० बाइटांचे आहे. 'लक्ष्मण' ७ चिन्हांचे आणि २१ बाइटांचे. मधली मोकळी जागा धरून 'ज्ञानेश्वर लक्ष्मण' साठवायला ५२ बाइट लागतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल कॉलमची लांबी चिन्हांत मोजतात, त्यामुळे ४० लांबीच्या कॉलममध्ये ही १८ चिन्हे सहज मावतात. ओरॅकल मूळ व्यवस्थेत लांबी बाइटांत मोजतो आणि हेच नाव ४० मध्ये न मावल्याची चूक दाखवतो. एसक्यूलाइट दिलेली लांबी मुळात पाहतच नाही. उपाय असा की ओरॅकलमध्ये लांबीपुढे 'कॅर' हा शब्द स्पष्ट लिहून ती चिन्हांत मोजायला लावावी, आणि लांबीची खरी तपासणी आपल्या प्रोग्राममध्ये, सर्व डेटाबेससाठी एकाच नियमाने करावी.

दुसरा प्रश्न संकेतनाचा. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' हाच चारसेट निवडावा. त्याचा जुना 'यूटीएफ८' फक्त ३ बाइटांपर्यंतची चिन्हे घेतो. देवनागरी आणि कन्नड त्यात बसतात, म्हणून चूक लगेच कळत नाही. एखाद्या कारकुनाने मोबाइलवरून शेऱ्यात इमोजी टाकला की ती नोंद अडते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एनव्हारचार' प्रकार वापरावा आणि हाताने लिहिलेल्या मजकुराआधी 'एन' लावावा, अन्यथा नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते. ही हानी भरून निघत नाही, कारण मूळ अक्षरे कुठेच उरत नाहीत. मूल्ये नेहमी पॅरामीटरमधून पाठवली तर 'एन'चा प्रश्न बहुतेक ठिकाणी उद्भवत नाही, आणि बाहेरून आलेल्या मजकुराने क्वेरी मोडण्याचा धोकाही टळतो.

तिसरा प्रश्न सारखेपणाचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोन प्रकारे टंकलिखित होते. काही कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि हलंत देतात. काही कळफलक साधा 'र', हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट यांना मात्र मूळ व्यवस्थेत ही दोन वेगळी नावे वाटतात. खानापूर तालुक्यातील एका सोसायटीत याच कारणाने एका सभासदाची दोन खाती निघाली होती आणि ती एकत्र करायला आम्हाला दोन दिवस लागले. युनिकोडच्या सामान्यीकरणाने हा प्रश्न सुटत नाही, कारण ही दोन रूपे त्याच्या दृष्टीने समान नाहीत. अदृश्य जोडचिन्ह सरसकट पुसून टाकणे तर त्याहून वाईट: तसे केल्यास आचाऱ्यांचे आचार्य होतात. योग्य नियम असा की साठवण्याआधी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या सामान्यीकृत रूपात आणावा आणि त्यानंतर 'र, हलंत, जोडचिन्ह' हा क्रम 'ऱ, हलंत' असा बदलावा. कन्नडमध्ये एनएफसी स्वतःच उपयोगी पडते, कारण तिथली दीर्घ ओकाराची खूण एका चिन्हानेही लिहिता येते आणि दोन चिन्हे जोडूनही लिहिता येते. हे काम सर्व फॉर्म, सर्व आयात आणि सर्व शोध यांच्यासाठी एकाच फंक्शनने करावे. शब्दाच्या शेवटची मोकळी जागाही त्यातच काढावी, कारण एसक्यूएल सर्व्हर तुलनेत ती धरत नाही आणि पोस्टग्रेस धरतो.

यावरून निघणारा नियम: मजकुराला कधीही की (नोंद ओळखण्याची किल्ली) करू नये. गावाचे नाव की केले तर केवळ तुलनेचाच घोळ होतो असे नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील शहरांची अधिकृत नावे बदलली, त्यात बेळगाव आणि विजापूर यांचीही होती; ज्यांनी नावालाच की केले होते त्यांना तेव्हा सगळी टेबले हलवावी लागली असती. गावाला अंकी क्रमांक द्यावा आणि मराठी, कन्नड व इंग्रजी नावे वेगळ्या टेबलात भाषेच्या खुणेसह ठेवावीत.

चौथा प्रश्न क्रमवारीचा. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो आणि 'क्ष', 'ज्ञ' त्याच्याही पुढे. युनिकोडच्या तक्त्यात मात्र 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे. कन्नड वर्णमालेतही 'ळ' शेवटी आहे आणि तक्त्यात 'ल'जवळ आहे. एसक्यूलाइट तक्त्याचा क्रम लावतो, पोस्टग्रेस निवडलेल्या कोलेशनप्रमाणे लावतो, मायएसक्यूएल त्याच्या कोलेशनप्रमाणे. सभासदांची छापील यादी तिन्हीकडे वेगळी येते, आणि वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी हे कोणालाही परवडत नाही. मी वापरतो तो उपाय असा: आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या तयार कोडसंचाच्या (लायब्ररीच्या) मराठी नियमांनी नावाची क्रमवारी-किल्ली प्रोग्राममध्येच काढावी, ती लहान अक्षरांतील षोडशमान मजकुराच्या रूपात वेगळ्या कॉलममध्ये साठवावी आणि क्रम त्या कॉलमवर लावावा. त्या मजकुरात फक्त ० ते ९ आणि पहिली सहा इंग्रजी अक्षरे असल्यामुळे प्रत्येक डेटाबेस त्याचा सारखाच क्रम लावतो. आयसीयूची आवृत्ती बदलली की या किल्ल्या पुन्हा काढाव्यात, कारण त्यांची रचना आवृत्तीगणिक बदलू शकते.

आकड्यांचेही तसेच आहे. मराठी किंवा कन्नड कळफलक चालू असताना रकमेच्या चौकटीत '१२' हे देवनागरीत पडतात. पायथन ते अंक म्हणून स्वीकारतो, जावास्क्रिप्ट स्वीकारत नाही. तपासणीतून सुटलेला असा मजकूर जर कच्च्या स्वरूपात डेटाबेसकडे गेला तर पोस्टग्रेस तो नाकारतो, पण एसक्यूलाइट तो अंकांच्या कॉलममध्येही मजकूर म्हणून मुकाट्याने साठवतो आणि बेरजेत त्याचे शून्य धरतो. मजकूर आत येताच अंकांचे रूपांतर करावे. एसक्यूलाइट ३.३७ किंवा पुढचा असेल तर टेबले 'स्ट्रिक्ट' प्रकाराने तयार करावीत, म्हणजे अशी नोंद तोही नाकारतो.

व्याज, रकमा आणि पावतीचा क्रमांक

रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून साठवाव्यात, कारण एसक्यूलाइटला खरा दशांश प्रकारच नाही. व्याजाचे गणित एसक्यूएलमध्ये करू नये. १०,००० रुपयांवर ९ टक्क्यांनी ९१ दिवसांचे व्याज काढताना गुणाकार ८१,९०,००० येतो आणि त्याला ३६,५०० ने भागायचे असते. सगळे पूर्णांक असतील तर पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट उत्तर २२४ देतात. मायएसक्यूएल आणि ओरॅकल २२४.३८ च्या पुढे जाणारा दशांश देतात. एका खात्यात फरक ३८ पैशांचा आहे, पण तो प्रत्येक खात्यात वेगळा असतो आणि खतावणी जुळत नाही. गणित प्रोग्राममध्ये दशांश प्रकाराने करावे, पूर्णांकन कुठे आणि कसे करायचे हे संस्थेच्या नियमाप्रमाणे एकाच फंक्शनमध्ये लिहावे, आणि डेटाबेसने फक्त बेरीज करावी.

पावती क्रमांक सलग असावा अशी ऑडिटरची अपेक्षा असते. डेटाबेसचा आपोआप वाढणारा क्रमांक त्यासाठी वापरू नये. ट्रान्झॅक्शन रद्द झाले की मधला आकडा गळतो. क्रमांकासाठी शाखेगणिक आणि आर्थिक वर्षागणिक एक नोंद असलेले छोटे टेबल ठेवावे. अशी नोंद कुलूपबंद करून वाचण्याची रीत प्रत्येक बोलीत वेगळी असल्यामुळे मी ती टाळतो. ट्रान्झॅक्शनच्या अगदी सुरुवातीला त्या नोंदीतील आकडा एकाने वाढवण्याची 'अपडेट' आज्ञा द्यावी, मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तो वाचावा आणि पावती लिहावी. अपडेटने मिळणारे कुलूप सर्व डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत टिकते, म्हणून दुसरा कारकून तेवढा वेळ थांबतो आणि त्याला पुढचाच आकडा मिळतो. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. तिथे थांबण्याची मुदत काही सेकंदांची ठेवावी आणि वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या नोंद-फाइलमध्ये लिहिण्याची) चालू करावी, म्हणजे लिहिणे चालू असताना वाचणारे अडत नाहीत.

चूक आल्यानंतरचे वर्तनही वेगळे असते. पोस्टग्रेसमध्ये एक आज्ञा फसली की ते ट्रान्झॅक्शन रद्द करेपर्यंत पुढची कोणतीही आज्ञा चालत नाही. मायएसक्यूएल बहुतेक वेळा पुढे जाऊ देतो. 'घालून पाहा, आधीच असेल तर बदला' अशा पद्धतीने लिहिलेला कोड त्यामुळे एकीकडे चालतो आणि दुसरीकडे अडतो. ते काम त्या-त्या बोलीच्या थरातच करावे.

क्वेरींमधील बारीकसारीक गोष्टी

पाने पाडताना क्रम नेहमी पूर्ण द्यावा, शेवटी खात्याचा क्रमांक जोडून. अपुरा क्रम दिला की तीच नोंद दोन पानांवर येऊ शकते. नल आधी की शेवटी याबाबत पोस्टग्रेस आणि ओरॅकल एका बाजूला आहेत, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट आणि एसक्यूएल सर्व्हर दुसऱ्या बाजूला. नल असल्यास १ आणि नसल्यास ० असा 'केस' आधी लावला की सर्वत्र एकच क्रम येतो. दोन उभ्या रेघांनी मजकूर जोडू नये, मायएसक्यूएल मूळ व्यवस्थेत त्यांचा अर्थ 'किंवा' असा घेतो. 'लाइक' पोस्टग्रेसमध्ये लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानतो, म्हणून शोधासाठी लहान अक्षरांतला वेगळा कॉलम ठेवावा. गटवारीत न आलेला कॉलम निवडू नये. एसक्यूलाइट तो चालवून घेतो आणि कोणत्या तरी एका नोंदीचे मूल्य देतो.

चाचण्या

चाचण्यांचा एकच संच ठेवावा आणि जोडणीचा पत्ता बदलून तो प्रत्येक डेटाबेसवर चालवावा. डॉकरमध्ये (तयार सॉफ्टवेअर वेगळ्या पेटीत चालवणाऱ्या साधनात) पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर साध्या लॅपटॉपवरही उभे राहतात. रोजच्या कामात एका डेटाबेसवर, आणि कोड मुख्य शाखेत मिसळण्याआधी सर्वांवर, असा क्रम आम्ही पाळतो. ग्राहकाकडे जी सर्वांत जुनी आवृत्ती आहे तीच चाचणीत घ्यावी.

चाचणीचा डेटा हा या सगळ्यातील सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि तो तयार मिळत नाही. आमच्या संचात दोन्ही प्रकारे लिहिलेला 'ऱ', 'क्ष' आणि 'ज्ञ' यांनी सुरू होणारी नावे, 'ल' आणि 'ळ' असलेल्या गावांची जोडी, दोन्ही प्रकारे लिहिलेली दीर्घ ओकाराची कन्नड नावे, देवनागरी आणि कन्नड आकड्यांतील रकमा, शेवटी मोकळी जागा असलेले आडनाव, कोरे वडिलांचे नाव, इमोजी असलेला शेरा आणि ३१ मार्च व २९ फेब्रुवारी या तारखांचे व्यवहार आहेत. ग्राहकाकडे एखादी चूक सापडली की ती दुरुस्त करण्याआधी तिचा नमुना या संचात जातो. खऱ्या सभासदांची माहिती मात्र त्यात कधीही घालू नये. नमुने स्वतः रचावेत.

संस्था एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर नेताना

एसक्यूलाइटवर सुरू झालेली सोसायटी वाढते, दुसरी शाखा उघडते आणि सर्व्हर मागते. त्या वेळी डेटाबेसची निर्यात-फाइल दुसऱ्यात भरण्याचा प्रयत्न करू नये. आपल्याच प्रोग्राममध्ये एक आज्ञा असावी, जी एका जोडणीतून नोंदी वाचते आणि दुसऱ्या जोडणीत लिहिते. अशाने मजकुराचे आणि रकमांचे सर्व नियम त्यांना आपोआप लागू होतात. परकीय कींचा क्रम पाळावा: आधी शाखा आणि गावे, मग सभासद, मग खाती, शेवटी व्यवहार. मूळ क्रमांक तसेच ठेवावेत, कारण ते छापील पासबुकांवर गेलेले असतात.

क्रमांक हाताने भरले की पोस्टग्रेसमधील आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाची मोजणी मागेच राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले नवे खाते उघडताना 'हा क्रमांक आधीच आहे' अशी चूक येते. म्हणून स्थलांतराच्या शेवटी प्रत्येक टेबलाची मोजणी सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढे न्यावी. त्यानंतर दोन्ही डेटाबेसांवरून त्याच तारखेची तेरीज काढावी आणि प्रत्येक खात्याची शिल्लक पैशापर्यंत जुळवावी. टेबलांमधील नोंदींची संख्या जुळली एवढ्यावर समाधान मानू नये. हे काम रविवारी करावे, सोमवारी काउंटर उघडण्याआधी संस्थेच्या सचिवांकडून तेरजेवर सही घ्यावी, आणि जुना डेटाबेस महिनाअखेरपर्यंत फक्त वाचण्यासाठी जागेवर ठेवावा.